तीन आणे, पंधरा आणे आणि साडेसात आणे

१९६३ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत आण्यांवरून भांडण झाले. खरे तर आणा तोवर सरकारी हिशेबातून गेला होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पण माणसे नव्या पैशांत मोजत नव्हती. रुपयाचे आणे सोळा, हे इतके अंगवळणी पडले होते की देशाच्या गरिबीचा वादही आण्यांतच झाला. आजच्या वाचकाच्या सोयीसाठी एवढेच सांगतो की एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे.

निमित्त होते अविश्वास ठरावाचे. स्वतंत्र भारतातला हा पहिलाच. आचार्य कृपलानींनी तो नेहरू सरकारविरुद्ध आणला होता. ठराव पडणार हे सगळ्यांना ठाऊक होते आणि तो पडलाही; बाजूने ६२ मते, विरुद्ध ३४७. चीनच्या युद्धातल्या मानहानीवर बोलण्यासाठी आणलेल्या त्या ठरावातून लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र एक लहानसा आकडा. तो राममनोहर लोहियांचा होता.

लोहिया सभागृहात अगदी नवे होते. १९६२ मध्ये ते फुलपूरला खुद्द नेहरूंविरुद्ध उभे राहून हरले आणि वर्षभराने फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून निवडून आले. बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस सभागृहात हट्टाने हिंदीत बोले. पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात, असा आरोप त्यांनी एका पुस्तिकेत केलाच होता. आता त्यांनी त्याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवला. या देशातली सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे ते म्हणाले. शेकड्यात सांगायचे तर लोकसंख्येतली साठ टक्के.

नेहरूंना हे पटले नाही. नियोजन आयोगाच्या आकड्यांप्रमाणे दरडोई रोजचे उत्पन्न पंधरा आण्यांच्या आसपास येते, असे त्यांनी सांगितले. तीन कुठे आणि पंधरा कुठे! पाचपट फरक. लोहियांनी मग यावर वेगळी चर्चाच मागितली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती झाली. त्या दिवशी इतर सदस्यांनी आपापली वेळ लोहियांना देऊन टाकली. ‘तीन आणे विरुद्ध पंधरा आणे’ हे नाव या वादाला तेव्हापासून चिकटले.

आता आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू.

पंगतीत दहा पाने मांडली आहेत आणि जिलब्या आहेत पन्नास. यजमान अभिमानाने सांगतो, ‘माणशी पाच जिलब्या झाल्या.’ खोटे काहीच नाही. पण वरच्या टोकाला बसलेल्या दोघांनी वीस-वीस हाणल्या आणि उरलेल्या आठांच्या वाट्याला दहा आल्या, म्हणजे सव्वासव्वा. यजमानाचा हिशेब बरोबर आणि आठव्या पानावरच्या पाहुण्याची तक्रारही बरोबर.

१९६१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ४४ कोटी भरली होती. दरडोई पंधरा आणे म्हणजे सगळ्यांचे मिळून दिवसाला ६६० कोटी आणे. लोहियांचे सत्तावीस कोटी लोक तीन-तीन आणे घेत असतील तर त्यांचे झाले ८१ कोटी. उरले ५७९ कोटी आणे आणि उरली सतरा कोटी माणसे, म्हणजे त्यांच्या वाट्याला माणशी चौतीस आणे, दोन रुपये दोन आणे. गणित जमते! तीन आणे आणि पंधरा आणे हे एकमेकांना खोडणारे आकडे नाहीतच. एक आकडा सगळ्या पंगतीचा आहे, दुसरा खालच्या टोकाचा. नेहरूंनी न विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले होते.

म्हणून लोहियांचा तीन हा आकडा खरा ठरतो का? गणितात बसणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. सरकारी दप्तरात याला ताडून पाहायला जागा होती. १९५६-५७ मध्ये शेतमजुरांची दुसरी अखिल भारतीय पाहणी झाली होती. शेतमजुराच्या घरात माणशी वर्षाचे उत्पन्न त्या पाहणीत ९९ रुपये ४० पैसे निघाले. आधीच्या, १९५०-५१ च्या पाहणीत ते १०४ रुपये होते. म्हणजे पहिली पंचवार्षिक योजना पुरी होऊन दुसरी सुरू झाली आणि शेतमजुराचे उत्पन्न कागदावर घटलेले दिसले. दोन पाहण्यांच्या पद्धतींत फरक होता, त्यामुळे ही घट कितपत खरी यावर अर्थशास्त्रज्ञांचे वाद झाले, ते बाजूला ठेवू. ९९ रुपये ४० पैशांना ३६५ ने भागा. दिवसाला सत्तावीस पैसे आणि थोडे वर, म्हणजे चार आणे, फार तर साडेचार. शेतमजुरापुरते बोलायचे तर लोहिया सत्यापासून एक-दीड आणा दूर होते आणि नेहरूंची सरासरी साडेदहा आणे दूर होती. मात्र देशातली साठ टक्के माणसे शेतमजूर नव्हती. तीन आणे साठ टक्क्यांना लावणे हे ताणणेच होते.

त्या चर्चेत या ताणाताणीचा निकाल सरकारकडूनच आला. नियोजनाचे काम पाहणारे गुलझारीलाल नंदा यांनी खालच्या साठ टक्क्यांसाठी साडेसात आणे हा आकडा सांगितला. माझ्या मते त्या वादातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. पंधराचे थेट साडेसात झाले, बरोबर अर्धे. लोहियांनी चुकीचा, निदान ताणून कमी केलेला आकडा ठेवला नसता तर खालच्या साठ टक्क्यांचा आकडा पंधराच्या मागून बाहेर आलाच नसता.

साडेसात आणे म्हणजे तरी किती? त्याच्या वर्षभर आधी, १९६२ मध्ये, नियोजन आयोगाच्या एका अभ्यासगटाने माणसाला जगायला कमीत कमी किती लागते ते ठरवले होते. गटात पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते. १९६०-६१ च्या किमतींनी माणशी महिन्याला वीस रुपये, हा त्यांचा आकडा. दवाखाना आणि शाळा यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. वीस रुपयांचे आणे होतात ३२०, म्हणजे दिवसाला पावणेअकरा आण्यांच्या जवळपास. सरकारच्याच एका गटाने जगायला पावणेअकरा आणे लागतात असे म्हटले होते आणि सरकारच्याच मंत्र्याने साठ टक्क्यांकडे साडेसात आहेत असे सांगितले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोहियांच्या तीन आण्यांची गरजच उरत नाही.

नेहरूंवर अन्याय नको. ऑगस्ट १९६० मध्ये याच सभागृहात त्यांनी स्वतः विचारले होते की राष्ट्रीय उत्पन्न वाढले, तर ती वाढ गेली कुणाकडे? त्यातून प्रशांतचंद्र महालनोबिस यांची समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालाचा पहिला भाग १९६४ मध्ये बाहेर आला. म्हणजे सरासरी फसवते हे पंतप्रधानांना माहीत होते. तरीही विरोधकाने कोंडीत पकडले तेव्हा हाताशी आली ती सरासरीच. सत्तेवर बसलेल्या कुणालाही ती हाताशी येते. सरासरीत एक बरे असते, तिच्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही.

सरकारला सरकारच्याच वहीने पकडायचे, ही युक्ती लोहियांची नव्हे. ती त्यांच्या आधी नव्वद वर्षे मुंबईतून निघाली.

दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात हिंदुस्थानातल्या माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले. राज्यकर्त्यांना ते मान्य झाले नाही. १८८२ मध्ये सरकारी बाजूने सत्तावीस रुपयांचा अंदाज आला, १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने तीस सांगितले. पण दादाभाईंची खरी करामत वीस या आकड्यात नाही. वीस रुपये कमी की पुरेसे, हे ठरवायला माप हवे होते. ते त्यांनी तुरुंगाच्या हिशेबातून उचलले. कैद्याच्या अन्नावर आणि कपड्यांवर सरकार वर्षाला किती खर्च करते? चौतीस रुपये. म्हणजे बाहेरच्या प्रामाणिक रयतेचे सगळे उत्पन्न कैद्याच्या भाकरी-कपड्यालाही पुरे पडत नव्हते. या मापाला सरकार ‘अतिशयोक्ती’ म्हणू शकत नव्हते, कारण तुरुंगाची बिले सरकारनेच मंजूर केली होती.

दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटात गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने इकडे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली. एक विचारायचा, उत्तर ऐकायचे आणि गप्प बसायचे. उपप्रश्न नाही. फेब्रुवारी १८९३ मध्ये विचारला गेलेला पहिला प्रश्न भिनग्याच्या महाराजांचा होता. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबलोकांच्या छावणीला सामान पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना जो त्रास होतो, त्याबद्दल. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, साहेब बदलले, पण या प्रश्नाला जुनेपणा आला असे वाटत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले या मंडळात आले तेव्हा मुभा एवढीच होती. अंदाजपत्रकावर बोलता येई, त्यावर मत देता येत नसे. २६ मार्च १९०२. १८९९-१९०० च्या दुष्काळाने देश होरपळून निघालेला आणि सरकारच्या तिजोरीत सात कोटी रुपये शिल्लक. इतर सदस्यांनी अर्थमंत्र्याचे अभिनंदन केले. गोखल्यांनी मला अभिनंदन करता येत नाही असे म्हणून सुरुवात केली.

फर्ग्युसन कॉलेजात शिकवणाऱ्या आणि शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिलेल्या या माणसाने मग शिल्लक आली कुठून ते उलगडून दाखवले. इंग्लंडला दरवर्षी पाठवायची रक्कम पौंडांत असे. मधल्या काळात रुपया घसरून तेरा पेन्सवर आला होता. पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे एका पौंडाला साडेअठरा रुपये पडू लागले. त्या तुटीचे कारण सांगून सरकारने कर वाढवले. मिठावरचा कर तर आधीच, १८८८ मध्ये, मणाला दोनवरून अडीच रुपये झाला होता. पुढे रुपया सोळा पेन्सवर स्थिर केला गेला. आता पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला, प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचू लागले. पाठवायची रक्कम दीड कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे वर्षाला पाच कोटींवर रुपये वाचले. संकट गेले, संकटासाठी बसवलेले कर मात्र राहिले. तुमची शिल्लक देशाच्या भरभराटीची नाही, ती रयतेकडून जास्तीची घेतलेली रक्कम आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आकडा सरकारचाच होता. त्याचा अर्थ गोखल्यांनी उलटा करून दाखवला.

त्या भाषणामागे आणखी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी शाळेतले हेडमास्तर. सरकारी अहवाल आणि ताळेबंद वर्षानुवर्षे वाचून त्यांनी आकड्यांचा असा साठा केला होता की न्यायमूर्ती रानड्यांच्या पश्चात गोखल्यांनी आकडेवारीसाठी धाव घ्यायची ती त्यांच्याकडेच. सभागृहात टाळ्या मिळतात त्या बोलणाऱ्याला, पण चांगल्या प्रश्नामागे बहुधा असा एखादा वाचणारा असतो. पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला. प्राप्तिकर माफीची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. गोखल्यांना मत नव्हते, ठराव मांडता येत नव्हता.

आजच्या आमदार-खासदारांना यातले सगळे आहे. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते. तासाभरात तोंडी होतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्या विधानसभेतही प्रश्नोत्तराचा तास असतो आणि तिथल्या छापील याद्या वाचायची मला खोड आहे. त्यांची भाषा एकदा कानात बसली की जात नाही. ‘अमुक तालुक्यात तीव्र पाणीटंचाई निर्माण झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तर येते: ‘हे अंशतः खरे आहे.’ मग एक परिच्छेद योजनेच्या नावाचा. शेवटी: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

‘हे खरे आहे काय’ या साच्यातच एक घोटाळा आहे. त्याने मंत्र्याला होय-नाही म्हणायची संधी मिळते, आकडा द्यायची सक्ती होत नाही. पाण्याचाच दाखला घेऊ. तालुक्याला किती टँकर सुरू आहेत, असे विचारले की एक आकडा येतो आणि सरकार कामात दिसते. पण टंचाईच्या तक्त्यात टँकरच्या संख्येपलीकडे आणखी दोन रकाने असतात: मंजूर खेपा आणि प्रत्यक्ष झालेल्या खेपा. विहिरीवर घागरींची रांग लावून बसलेल्या बाईला टँकरशी देणेघेणे नसते, तिला खेपेशी असते. चार मंजूर आणि दोनच झाल्या, तर टँकर ‘सुरू’ असूनही गाव अर्धे तहानलेले. ज्या सदस्याला खेपांचा रकाना ठाऊक आहे, त्याचा प्रश्न एका ओळीचा असतो: गेल्या महिन्यात गावनिहाय मंजूर खेपा किती, प्रत्यक्ष किती? याला ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर देता येत नाही.

वही कुणाकडे आहे, हेही माहीत असावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना भरले, फक्त लेखी प्रश्नांना उत्तरे होती. टाळेबंदीत गावाकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नावर श्रम मंत्रालयाने अशी आकडेवारी ठेवली जात नाही असे उत्तर दिले. त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांनी मात्र आकडा सांगितला: श्रमिक विशेष गाड्यांत ९ सप्टेंबरपर्यंत ९७ मृत्यू. रेल्वेत माणूस मेला की त्याची नोंद करावी लागते, त्यामुळे नोंद होती. रस्त्याने चालत गेलेल्यांसाठी रकानाच नव्हता. ‘माहिती नाही’ हेदेखील उत्तरच असते, आणि कधी कधी आकड्यापेक्षा बोलके.

रकाना असून आकडा न येण्याचाही प्रकार आहे. २०१७-१८ ची घरगुती खर्चाची राष्ट्रीय पाहणी पुरी झाली, पण आकड्यांच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ती प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. पुढची पाहणी २०२२-२३ ची. तिचे ठळक आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. मधल्या काळात गरिबीवर विचारलेल्या बऱ्याच प्रश्नांना २०११-१२ च्या पाहणीवरच भागवावे लागले. २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यातला माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये होता. त्याच तक्त्यात तळच्या पाच टक्क्यांचा १,३७३ होता आणि वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१. लोहियांना जे झगडून काढून घ्यावे लागले ते आता सरकार स्वतः छापते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मात्र सरासरीच जाते.

महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत मिळतात. तुमच्या आमदारांनी गेल्या अधिवेशनात काय काय विचारले ते एकदा काढून पाहा. तुमच्या तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न त्यात असेल, तर त्यात टँकर मोजले आहेत की खेपा, एवढे बघा. टँकर मोजले असतील तर आमदारांना पत्र टाका. खेपांचा तक्ता तहसील कचेरीत असतो.